उकिरड्यात सापडलेली अंडी: कशाची, आणि आता त्यांचं करायचं काय?

मोहोळ तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आहे. पेरणीआधी शेणखत रानात ओढायचं म्हणून त्यांनी उकिरडा उकरायला घेतला, तर फावड्याबरोबर पांढऱ्या अंड्यांचा झुपकाच वर आला. तेरा अंडी, एकमेकांना चिकटलेली, कवच मऊ. वडील म्हणाले, इथं धामण फिरते म्हणजे ही नागाचीच, रॉकेल ओता आणि जाळून टाका. दादांना काही जाळवेना. अकरा अंडी त्यांनी तिथंच परत झाकली. दोन मात्र सुटी करून घरी आणली, वाळूच्या डब्यात बल्बखाली ठेवली आणि कोंबडीच्या अंड्यांसारखी सकाळ-संध्याकाळ फिरवतायत. आता विचारतायत की अंडी कशाची, बल्बऐवजी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर फुटतील का, घरात लहान लेकरं आहेत तर धोका किती, आणि खत ओढायचं कधी.

सविस्तर लिहितो, पण आज लगेच करायचं ते आधी. बल्ब बंद करा. अंडी फिरवणं थांबवा. आत्ता जी बाजू वर आहे तिच्यावर पेन्सिलीनं हलकी फुली मारा आणि यापुढं ती फुली वरच राहू द्या. मार्कर नको, त्याची शाई मऊ कवचातून आत झिरपू शकते. डब्याला दोन-चार बारीक भोकं पाडा, झाकण घट्ट लावा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, लेकरांचा हात पोचणार नाही असा ठेवा. उकिरड्याकडं मात्र आज पुन्हा जाऊ नका. तिथं आई असू शकते.

सोलापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत साप पकडून सुरक्षित सोडण्याचं काम मी वन विभागाबरोबर बरीच वर्षं करतोय. रोहिणीचा पाऊस पडला की असे फोन सुरू होतात, कारण ज्या आठवड्यांत आपण उकिरडे उकरतो, बांध साफ करतो, गंजी हलवतो, त्याच आठवड्यांत आपल्याकडच्या बऱ्याच सापांची अंडी तिथं पडलेली असतात. लोकांना पहिल्यांदा नाव हवं असतं. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पुढचे दीड-दोन महिने ढिगाच्या तेवढ्या कोपऱ्याला हात न लावता तुमचं भागतं का? भागत असेल तर नाव कळलं काय आणि नाही कळलं काय, फार फरक पडत नाही. तरी नावाकडं जाऊच.

फोटो नाही, वर्णनच आहे, त्यामुळं एकच नाव छातीठोकपणे सांगणार नाही. पण बरीच नावं बाद होतात. पक्ष्याची अंडी नाहीत हे कवचावरूनच कळलं. पक्ष्याचं अंडं चुन्याच्या टणक कवचाचं असतं, दाबलं तर फुटतं, दबत नाही. शिवाय आपल्या माळावरचे पक्षी अंडी पुरत नाहीत. टिटवी उघड्या मुरमावर बहुधा चार अंडी घालते, ठिपक्यांची, खड्यांत मिसळून जाणारी. नान्नजचा माळढोक गवतात जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. उकिरड्यात पुरलेली, मऊ कवचाची, चिकटलेली अंडी म्हणजे सरपटणाऱ्यांपैकी कोणीतरी.

पाल नाही, कारण ती दोनच अंडी घालते, सेंटीमीटरभर आकाराची आणि कडक कवचाची. बांधावरच्या सरड्याची अंडी मऊ असतात, पण जेमतेम अर्ध्या इंचाची. विहिरीतल्या किंवा ओढ्यातल्या कासवाची गोल असतात आणि कवच कडक. घोरपडीची शक्यता थोडी उरते, कारण तिची अंडी लांबट, मऊ आणि संख्येनं वीसच्या आसपास असतात. पण ती वारुळात किंवा जमिनीत खड्डा करून घालते, तेही जास्त करून पावसाळा लागल्यावर, आणि तिची अंडी सहसा सुटी असतात. म्हणजे साप.

सापांमध्येही घोणस आणि फुरसं लगेच बाद करा. हे दोन्ही अंडी घालत नाहीत. त्यांची अंडी पोटातच वाढतात आणि थेट पिल्लं बाहेर येतात. मांडूळ आणि डुरक्या घोणसही तसेच. पण अंडी घोणशीची नाहीत म्हणजे रानात घोणस नाही असं समजू नका. तिची पिल्लं पडायचा हंगामही याच सुमाराला सुरू होतो, आणि एका मादीला वीस-तीस किंवा त्याहून जास्त पिल्लं होतात. उसाच्या पाचटात आणि कडब्याच्या गंजीखाली ती नागापेक्षा जास्त वेळा भेटते, निदान माझ्या फोनांचा अनुभव तरी असाच आहे.

उरले अंडी घालणारे. विषारींपैकी नाग आणि मण्यार, बिनविषारींपैकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या. दिवड पाण्याच्या आसपास अंडी घालते आणि तिची संख्या बऱ्याचदा तीसच्या पुढं जाते. तस्कर आणि कवड्या यांची थोडीच असतात, पाच-सात. नाग साधारण १२ ते ३० अंडी घालतो, धामण आणि मण्यार दोघीही साधारण ६ ते १५. तेरा हा आकडा तिघांतही बसतो, म्हणून आता पट्टी घ्या. डब्यातलं अंडं न उचलता, शेजारी पट्टी धरून लांबी बघा. नाग आणि धामण यांचं अंडं दोन इंचांच्या आसपास भरतं, मण्यारीचं त्याहून लहान, दीड इंच किंवा थोडं कमी. दोन इंच भरलं तर नाग किंवा धामण. यापुढं नुसत्या अंड्यावरून मला सांगता येत नाही, आणि कोणी फोटो बघून ठामपणे सांगत असेल तर मी त्याच्यावर विसंबणार नाही.

मग कसं कळतं? एक तर आईवरून. नागीण बहुतेक वेळा अंड्यांजवळच राहते, मण्यारही राहते, धामणही कधीकधी सापडते. दुसरं म्हणजे कातीवरून. उकिरड्याच्या कडेला, सरपणात किंवा दगडाखाली टाकलेली कात असेल तर लांब काठीनं ओढून घ्या आणि तिच्या मधल्या भागात खवले मोजा. पोटाच्या रुंद पट्ट्या सोडायच्या, एका बाजूच्या पट्टीपासून पाठीवरून तिरपं जात दुसऱ्या बाजूपर्यंत मोजायचं. १७च्या आसपास आले तर धामण. २१ ते २५ आले तर नाग. धामणीच्या पाठीवरच्या वरच्या ओळींना मधोमध बारीक कणा असतो, बोट फिरवलं तर जाणवतो. नागाचे खवले गुळगुळीत. कात जुनी, फाटकी असली तरी हे मोजता येतं. चष्मा लावून मोजा आणि दोनदा मोजा.

आता वडिलांच्या म्हणण्याबद्दल. धामण ही नागाची मादी, हे आपल्याकडं घराघरांत ऐकायला मिळतं, त्यामुळं त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण नागाला नागीण असते, तिलाही फणा असतो, आणि धामणींत नर-माद्या दोन्ही असतात. या दोन जातींचा एकमेकांशी संकर होत नाही. समज पक्का व्हायला एक दृश्य कारणीभूत आहे. रानात दोन मोठे साप एकमेकांना पीळ घालून उभे राहतात, लोक लांबून नाग-धामणीचं लगीन म्हणून बघतात, कोणी त्यावर उपरणंही टाकतं. बहुतेक वेळा ते दोन नर धामण असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. कोण कोणाला खाली दाबतो, एवढाच मामला. तेव्हा तिथं धामण फिरते या माहितीचा सरळ अर्थ घ्या: अंडी धामणीची असण्याची शक्यता त्यामुळं वाढते, नागाची नाही. तरीही आई दिसेपर्यंत किंवा कात मिळेपर्यंत अंडी विषारी सापाची आहेत असं धरूनच वागायचं. हा माझा कायमचा नियम आहे.

कोंबडीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो विचारणाऱ्याला अंडं उबवण्याची माहिती आहे. अडचण एवढीच की ती माहिती पक्ष्याच्या अंड्याची आहे, आणि सापाचं अंडं तीन बाबतींत त्याच्या उलट वागतं.

पहिली बाब फिरवण्याची. कोंबडीचं अंडं वाटीत फोडलं की बलकाच्या दोन्ही टोकांना पांढरे, पीळ पडलेले दोरे दिसतात. त्या दोऱ्यांवर बलक टांगलेला असतो, त्यामुळं अंडं कसंही वळलं तरी गर्भाची बाजू फिरून वर येते. कोंबडी चोचीनं दिवसातून कितीतरी वेळा अंडी सरकवते ती याच भरवशावर. न सरकवली तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून मरतो. सापाच्या अंड्यात असे दोरे नसतात. अंडं पडल्यावर गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो आणि त्याचे पडदे तिथंच कवचाला धरून वाढायला लागतात. नंतर अंडं उलटलं की गर्भ खाली आणि बलकाचा सगळा भार वर. कासव आणि मगर यांच्या बाबतीत उलटवलेलं अंडं मरतं हे स्पष्ट आहे. सापांत जातीजातीनुसार सोसण्याची ताकद वेगळी असते, काही अंडी उलटूनही फुटतात. म्हणून तुमची दोन अंडी गेलीच असं मी म्हणत नाही. पण ज्याला निसर्गात कोणी कधी फिरवत नाही त्याला आपण कशाला फिरवायचं? चिकटलेला झुपकाही याच कारणासाठी सुटा करू नये. एक अंडं ओढताना शेजारच्याचं कवच फाटतं.

दुसरी बाब पाण्याची. कोंबडीच्या अंड्यात लागणारं सगळं पाणी आधीच भरलेलं असतं. उबवणीच्या एकवीस दिवसांत त्यातलं थोडं उडून जातं, वजन बाराएक टक्क्यांनी घटतं, आणि ते तसं घटायलाच हवं. सापाचं अंडं मऊ कवचातून बाहेरची ओल आत ओढतं आणि फुगत जातं. घातल्या दिवशीपेक्षा महिन्याभरानं ते जड असतं. कोरड्या वाळूत, वरून बल्ब, म्हणजे तुम्ही त्याचं पाणी उलट काढून घेताय. अंड्याला खळगे पडलेत का बघा. सगळीकडून थोडे खळगे म्हणजे तहान. ओल मिळाली तर बऱ्याचदा एक-दोन दिवसांत भरून येतात. पिवळं पडून बसकं झालेलं, बुरशी आलेलं, वास मारणारं असेल तर ते गेलं. ओल द्यायची म्हणजे अंड्यावर पाणी शिंपडायचं नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवून मुठीत घट्ट पिळायचा, थेंब पडायचा थांबला की तो अंड्याच्या बाजूनं, अंडं न हलवता भरायचा.

तिसरी बाब उष्णतेची, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त अंडी इथंच मरतात. कोंबडीच्या पोटाखाली ३७-३८ अंश मिळतात आणि तिच्या अंड्याला तेवढेच हवे असतात. आपल्या सापांच्या अंड्यांना २८ ते ३० अंश पुरतात. ३४-३५च्या वर सतत राहिली तर पिल्लं वाकड्या कण्याची निघतात किंवा आतच मरतात. म्हणजे खुडूक कोंबडीखाली ती उबणार नाहीत, शिजतील. मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ला टेकतो तेव्हा पक्ष्यांचीही तीच गत असते. टिटवी त्या दिवसांत पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहते, उबवायला नव्हे, गार करायला. पत्र्याच्या खोलीत बल्ब लावायची गरज जूनमध्ये तर मुळीच नाही.

शिवाय कोंबडी एकवीस दिवसांचा हिशेब घेऊन बसते. नागाच्या अंड्यांना ४८ ते ६९ दिवस लागतात, धामणीलाही साधारण दोन महिने. मधेच ती उठून जाईल. आणि समजा कोणतं पिल्लू निघालंच तर गावरान कोंबडी त्याला चोचीनं टिपून खाईल. अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवत ऊब देणारा साप आपल्या देशात आहे, तो अजगर. बाकी बहुतेक सापांच्या माद्या जागा निवडतात, अंडी घालतात, फार तर राखण करतात. ऊब मातीची.

उकिरडा निवडण्यामागंही हेच गणित आहे. कुजणाऱ्या शेणखताला आतून ऊब असते, ओल टिकते, माती भुसभुशीत असते, आणि उंदीर आयते. पण ताज्या शेणाचा ढीग मधोमध पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. मादी तिथं घालत नाही, ती जुन्या, निवत आलेल्या बाजूला, कडेनं शिरते. तुम्हाला अंडी कडेलाच, हात-दीड हात खोल सापडली असणार. उरलेली अकरा तुम्ही झाकलीत ते उत्तम केलंत. फक्त त्या बाजूला आता नवं शेण टाकू नका, वरून पाणी मारू नका, आणि ‘पावसानं भिजतील’ म्हणून प्लास्टिकही अंथरू नका. प्लास्टिकखाली उन्हात भट्टी होते.

आता निर्णय. हा तुमच्या जागेवर अवलंबून आहे, माझ्या इच्छेवर नाही. उकिरडा रानात, वस्तीपासून लांब असेल तर अंड्यांच्या चारी बाजूंनी चार-पाच फूट सोडा, खुणेला काठ्या रोवा आणि बाकीचं खत दुसऱ्या बाजूनं ओढा. त्या दिवशी जेसीबी नको, माणसं लावा, पायात गमबूट, हातात लांब दांड्याचं दाताळं, आणि काम उजेडात. जेसीबीचा बकेट कुठं कोपरा सोडत नाही. अंडी मेच्या शेवटी पडली असतील तर जुलै संपेपर्यंत सगळं मोकळं होतं. एक गाडी खत तेवढं मागं राहील, ते रब्बीच्या ज्वारीला टाका. खरीप अडत नाही.

उकिरडा घराला किंवा गोठ्याला लागून असेल, लेकरं तिथंच खेळत असतील, तर मी तुम्हाला ‘राहू द्या’ असं म्हणणार नाही. १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा तुमच्या वनरक्षकाला गाठा. त्यांचा माणूस किंवा नोंदणी असलेला सर्पमित्र येऊन आधी आई आहे का बघेल, मग झुपका आहे तसा, वरची बाजू वर ठेवून उचलेल. पुढं तो ओलसर काथ्याच्या डब्यात, सावलीत, २८-३०च्या आसपास ठेवला जातो आणि पिल्लं निघाली की योग्य जागी सोडतात. आमच्याकडं डबा मातीच्या रांजणात ठेवतो, रांजण ओल्या पोत्यानं गुंडाळलेला. थर्मामीटर मात्र आत हवाच, अंदाजावर काम भागत नाही. तुमच्याकडची दोन अंडीही त्याच माणसाच्या हाती द्या. परत पुरायला तुम्ही जाऊ नका.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण जाळायचा विषय निघालाय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्यांची आणि वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणं, त्यांना धक्का लावणं हे येतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नाग, घोणस, धामण आणि दिवड पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ठेवणंही त्यात बसत नाही. तुम्ही अजाणता आणलीत, आता स्वतःहून फोन करताय. असा फोन करणाऱ्याला त्रास दिलेला मी तरी पाहिलेला नाही. पण दोन महिने बल्ब लावून घरी उबवत बसलात तर ती गोष्ट वेगळी.

लेकरांच्या धोक्याबद्दल खरं तेच सांगतो. अंडी नागाची असतील तर पहिला धोका आईचा, आणि तो आत्ता आहे. दुसरा पिल्लांचा. नागाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं, वीतभरापेक्षा थोडं मोठं, आणि तेवढंसं असूनही फणा काढतं. ‘पिल्लू आहे, काय करणार’ म्हणून कोणी हातात घेऊ नये. धामणीचं पिल्लू बिनविषारी, पण डोळे मोठे, अंगात रग भरपूर, अंगावर उडी घेतं. त्याला बघून घाबरून मारणारे जास्त. दोन्हींची पिल्लं कुटुंब करून राहत नाहीत. आई त्यांना भरवत नाही, शिकवत नाही. दोन-चार दिवसांत जो तो आपापल्या वाटेनं जातो. त्यातली किती मोठी होतात म्हणाल तर फार थोडी. मुंगूस, घोरपड, भारद्वाज, घार, बाकीचे साप सगळेच टपलेले असतात. तेरा अंडी म्हणजे अंगणात तेरा नाग, असा हिशेब करू नका.

माझं मत विचाराल तर जूनमध्ये उकिरड्यापेक्षा अंथरुणाची काळजी जास्त करावी. मण्यार रात्री फिरते, उंदीर-पालींच्या मागं घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलता येत नाही, एवढंच कळतं. लेकरांना बाजेवर झोपवा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. सरपण आणि कडबा घराच्या भिंतीला टेकवून रचू नका.

तरीही दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. पाय असेल तर पाय न हलवता फळी लावून माणसाला आडवं ठेवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर सोलापूरला सिव्हिलला. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते, त्यामुळं साप ओळखण्यासाठी किंवा मारून नेण्यासाठी वेळ घालवू नका. पिल्लाच्या दंशालाही तेच औषध लागतं. देवळात नेऊन बसवलेली माणसं उशिरा दवाखान्यात येतात आणि मग डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

अंडी जिवंत आहेत का, हे बघायची इच्छा होणार हे मला माहीत आहे. माणूस येईपर्यंत एकदाच बघा, रोज नको. अंधार करा, डब्याचं झाकण काढा, आणि अंडं न उचलता छोट्या बॅटरीचा झोत बाजूनं टेकवा. गुलाबी उजेडात लाल बारीक शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं फळलेलं नाही किंवा अगदी ताजं आहे. आत गडद काही हलताना दिसलं तर फुटायला फार दिवस उरले नाहीत, मग लगेच तसं फोनवर सांगा. अशा वेळी अंड्याला आधी घाम आल्यासारखे बारीक थेंब येतात, मग कवचावर ब्लेडनं मारल्यासारखी एक-दोन चिरांची रेघ उठते. पिल्लाच्या वरच्या ओठावर एक बारीक दात असतो, त्यानं ते कवच कापतं. हा दात नंतर गळून पडतो. चिरेतून नाकाचं टोक बाहेर येतं, श्वास घेतं, आणि चाहूल लागली की परत आत. असं दिवसभर, कधी जास्तही चालतं. अंगावर उरलेला बलक पोटात ओढून घेत ते तिथंच थांबलेलं असतं. त्याला मदत म्हणून कवच फाडू नका.

आणि उकिरडा राहू द्यायचं ठरलं, तर ऑगस्टमध्ये खत ओढताना रिकामी कवचं सापडतील, ती नीट बघा. चुरगळलेली पण सुबक चिरा असलेली कवचं, जागच्या जागी, झुपक्यातच, म्हणजे पिल्लं निघून गेली. कवचं फाटून विखुरलेली आणि वरची माती नखांनी उकरलेली असेल तर मुंगूस किंवा घोरपड तुमच्याआधी येऊन गेली. दोन्हींपैकी काय निघालं ते कळवा, आणि कात सापडली तर तिच्या खवल्यांचा आकडाही.